ॲपवरची वेळ आणि कार्डावरची वेळ

पावसाळा सरत आला की ब्रेव्हेच्या तारखा जाहीर होऊ लागतात आणि या सदराच्या टपालाचा रंगही बदलतो. टायर, साखळी आणि गुडघेदुखी मागे पडून आकड्यांचे प्रश्न पुढे येतात. नव्या वाचकांसाठी एवढेच सांगतो की, ब्रेव्हे म्हणजे पॅरिसच्या ‘ओदॅक्स क्लब पॅरिसियाँ’ या संस्थेच्या नियमांप्रमाणे, भारतात ‘ऑडॅक्स इंडिया रँडोनर्स’च्या देखरेखीखाली होणारी २०० किलोमीटर किंवा त्याहून लांब पल्ल्याची सायकलफेरी. ती ठरलेल्या मुदतीत आणि स्वतःच्या बळावर पूर्ण करायची असते. ती शर्यत नसते, त्यामुळे पहिला-दुसरा असा क्रमांक लागत नाही. या वेळच्या पत्रांपैकी ज्यांचा उपयोग इतरांनाही होईल, अशी काही येथे घेतली आहेत.

प्रश्न: मी नुकतीच पहिली २०० किलोमीटरची ब्रेव्हे पूर्ण केली. राइड नोंदवणाऱ्या स्ट्राव्हा ॲपवर माझी वेळ ९ तास ४० मिनिटे दिसते, पण आयोजकांच्या निकालात १२ तास ५० मिनिटे आहे. मी आयोजकांकडे दुरुस्ती मागावी का? आणि या वेगाने ३०० झेपेल का? (एक वाचक, सातारा)

उत्तर: दुरुस्ती मागू नका, निकाल बरोबर आहे. स्ट्राव्हावर ठळकपणे दिसणारा आकडा हा चाके फिरत होती तेवढ्याच वेळेचा असतो. पोह्यांसाठी थांबलात, पंक्चर काढलेत, झाडाखाली पंधरा मिनिटे पाठ टेकलीत, तो सगळा वेळ त्यातून वगळलेला असतो. ब्रेव्हेचे घड्याळ मात्र सुरुवातीच्या जाहीर वेळेला चालू होते आणि शेवटच्या कंट्रोलवर, म्हणजे तपासणीच्या ठिकाणी, ब्रेव्हे कार्डावर नोंद होईपर्यंत एकदाही थांबत नाही. तुम्ही दहा मिनिटे उशिरा निघालात, तर ती दहा मिनिटेही तुमच्याच खाती जमा होतात आणि ॲपला त्यांचा पत्ताही नसतो, कारण बटण तुम्ही निघताना दाबलेले असते. ॲपमध्ये राइडच्या तपशिलात गेलात तर एकूण गेलेला वेळ वेगळा दिसतो. निकालाशी ताडून पाहायचा तो आकडा.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. तुमच्या नोंदीत अंतर २०३ किलोमीटर असल्याचे पत्रात लिहिले आहे. चालत्या वेळेने सरासरी काढली तर ती ताशी २१ किलोमीटर येते, एकूण वेळेने काढली तर ती जेमतेम १५.८ भरते. ६०० किलोमीटरपर्यंतच्या ब्रेव्हेमध्ये कंट्रोल बंद होण्याची वेळ साधारणपणे ताशी १५ किलोमीटरच्या हिशेबाने ठरते. १०५ किलोमीटरवरचा कंट्रोल सुरुवातीपासून ७ तासांनी बंद होतो, म्हणजे सकाळी सहाला निघालेल्याने दुपारी एकच्या आत तेथे पोहोचायला हवे. त्याच हिशेबाने ३०० साठी २० तास आणि ६०० साठी ४० तास मिळतात. २०० साठी साडेतेरा आणि ४०० साठी २७ तास, अशी थोडी सवलत आहे. ताशी २१ चा वेग टिकला तर ३०० किलोमीटरला सव्वाचौदा तासांच्या आसपास लागतील आणि थांबण्यासाठी पावणेसहा तास उरतील. पण रात्री, थकव्यात आणि वाऱ्यात हा वेग १८ वर आला, तर चालण्यालाच १६ तास ४० मिनिटे जातील आणि हाती ३ तास २० मिनिटे राहतील. २०० मध्ये तुम्ही ३ तास १० मिनिटे थांबला होता. झेपेल, पण थांबे आवरते घ्यावे लागतील.

त्यासाठी स्ट्राव्हावरचा वेगाचा आलेख उघडा आणि त्यात रेघ तळाला गेलेल्या जागा एकेक करून पाहा. पाच मिनिटांचा चहा म्हणून थांबलेलो आपण प्रत्यक्षात बावीस मिनिटांनी उठलो, हे तेथे लख्ख दिसते. माझ्या मते लांब पल्ल्याच्या सायकलस्वाराला या ॲपचा खरा उपयोग येथे आहे. सेगमेंटवरच्या, म्हणजे रस्त्याच्या ठरावीक तुकड्यावर सर्वांत वेगवान ठरल्याच्या, मुकुटांशी त्याला फारसे कर्तव्य नाही.

प्रश्न: एकाच ब्रेव्हेत, एकाच रस्त्याने माझ्या फोनवर २०४ किलोमीटर आणि माझ्या मित्राच्या सायकल-संगणकावर १९८.६ किलोमीटर नोंदले गेले. चढाईत तर ५०० मीटरहून अधिक फरक आहे. मित्राची ब्रेव्हे अपूर्ण धरली जाईल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: नाही. ब्रेव्हेचा मार्ग आयोजकांनी आधी मोजून मंजूर करून घेतलेला असतो. तुमचे यंत्र काय म्हणते याला तेथे किंमत नाही, ठरलेल्या मार्गावरचे सगळे कंट्रोल वेळेत गाठले की झाले. मार्ग चुकून मधला तुकडा गाळला असेल तर गोष्ट वेगळी.

अंतरातला फरक बहुधा नोंद घेण्याच्या पद्धतीतून येतो. फोन दर सेकंदाला ठिपका टाकतो, तर काही सायकल-संगणक बॅटरी वाचवण्यासाठी दिशा किंवा वेग बदलला तरच टाकतात. घाटातल्या वळणांवर असे दूरदूरचे ठिपके सरळ रेषेने जोडले की अंतर आखडते. उलट टपरीवर सायकल टेकवून ठेवली असताना फोनमधला ठिपका आजूबाजूला भटकत राहतो आणि बसल्या जागी दोन-चारशे मीटर वाढतात. चाकाच्या आसाला लावायचा सेन्सर घेतला आणि चाकाचा घेर नीट भरला तर हा घोळ पुष्कळ कमी होतो.

चढाईचे गणित आणखी कच्चे आहे. चांगल्या सायकल-संगणकात हवेचा दाब मोजणारा भाग असतो. दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की सुमारे आठ मीटर चढलो असे यंत्र समजते. हा मार्ग एरवी बरा, पण यंत्राच्या पोटाशी असलेले बारीक छिद्र पावसाच्या पाण्याने किंवा घामाने बुजले की सपाट रस्त्यावरही डोंगर उगवतात किंवा आख्खा घाट नाहीसा होतो. ज्या फोनांत हा भाग नसतो, त्यांच्यासाठी ॲप नकाशातल्या उंचीचा आधार घेते. अशा नकाशांपैकी पुष्कळांचे मूळ फेब्रुवारी २००० मधील अमेरिकी अंतराळयानाच्या रडार-मोजणीत आहे. त्यात जमिनीचे चौकोन पाडून प्रत्येकाला एक उंची दिलेली असते. कड्याच्या कुशीतून गेलेल्या रस्त्याला हा हिशेब मानवत नाही. ठिपका जरा सरकला की रस्त्याऐवजी कड्याची किंवा दरीची उंची धरली जाते आणि खोटे चढउतार जमा होतात. बोगद्याचे उदाहरण तर सर्वांना कळेल. साताऱ्याकडून पुण्याकडे येताना खंबाटकीचा बोगदा लागतो. तुम्ही डोंगराच्या पोटातून जाता, पण नकाशावरून उंची काढणारे ॲप तुम्हाला माथ्यावरून नेते. तेव्हा दोन वेगळ्या यंत्रांवरच्या चढाईची तुलना करण्यात अर्थ नाही. एकाच यंत्रावरच्या दोन राइडची करावी.

प्रश्न: मी डिसेंबरमध्ये २००, जानेवारीत ३००, ऑगस्टमध्ये ४०० आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ६०० अशा ब्रेव्हे केल्या. ॲपप्रमाणे चारही राइड बारा महिन्यांच्या आत आहेत. मला सुपर रँडोनर म्हणता येईल का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर: या मालिकेवर म्हणता येणार नाही, याचे वाईट वाटते. २००, ३००, ४०० आणि ६०० या चार ब्रेव्हे एकाच हंगामात पूर्ण केल्या तर सुपर रँडोनर हा किताब मिळतो आणि हा हंगाम १ नोव्हेंबरला सुरू होऊन पुढच्या ३१ ऑक्टोबरला संपतो. तुमची ६०० ची ब्रेव्हे नव्या हंगामात गेली. ती वाया गेलेली नाही. या हंगामात तुमच्या खाती सर्वांत अवघड फेरी आधीच जमा आहे, आता ३१ ऑक्टोबरपर्यंत उरलेल्या तीन पुऱ्या करा.

कोणतेही लोकप्रिय ॲप हा हिशेब ठेवत नाही. त्याला जानेवारी ते डिसेंबर एवढेच वर्ष ठाऊक असते आणि तुम्ही एकट्याने केलेली २०० किलोमीटरची राइड व ब्रेव्हे यांतला भेदही कळत नाही. ब्रेव्हेला पॅरिसहून मान्यतेचा क्रमांक मिळतो, तो हाती आल्यावरच ती अधिकृत होते. त्यामुळे ब्रेव्हेची तारीख, ठिकाण, आयोजक क्लब, लागलेली वेळ आणि हा क्रमांक अशी पाच रकान्यांची साधी एक्सेल वही प्रत्येकाने ठेवावी असे मी नेहमी सांगतो. पुढे रँडोनर ५००० या किताबाचा विचार करणाऱ्यांना तर ती लागतेच, कारण त्यात चार वर्षांच्या मुदतीत २०० ते १००० पर्यंतची संपूर्ण मालिका, चोवीस तासांची सांघिक ‘फ्लेश’ आणि १२०० किलोमीटरची पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस हे सगळे बसवून एकूण ५००० किलोमीटर भरावे लागतात. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस चार वर्षांतून एकदा येते, पुढची २०२७ मध्ये आहे. २०१९ आणि २०२३ च्या वेळी आदल्या वर्षी ज्याने जितकी लांब ब्रेव्हे केली असेल, त्याला नावनोंदणीची खिडकी तितकी लवकर उघडली होती.

प्रश्न: मी निवृत्त आहे. आमच्या गटातले तरुण ‘एडिंग्टन’ क्रमांकाबद्दल बोलतात. माझा ५८ आहे असे एका संकेतस्थळाने सांगितले. सत्तराव्या वाढदिवसापर्यंत तो ७० करावा असे मनात आहे, म्हणजे १२ मोठ्या राइड पुरतील ना? (एक वाचक, पुणे)

उत्तर: संकल्प सुरेख आहे, हिशेब मात्र तसा नाही. ज्या खगोलशास्त्रज्ञाने १९१९ च्या खग्रास ग्रहणात ताऱ्यांची छायाचित्रे घेऊन आइन्स्टाइनच्या सिद्धांताला आधार मिळवून दिला, त्या आर्थर एडिंग्टन यांच्या नावाने हा क्रमांक ओळखला जातो. ते हौशी सायकलस्वार होते. व्याख्या अशी की, निदान ‘न’ दिवशी, प्रत्येक दिवशी निदान ‘न’ इतके अंतर तुम्ही सायकल चालवली असेल, तर ‘न’ची जी सर्वांत मोठी किंमत बसेल तो तुमचा क्रमांक. तुमचा ५८ आहे, म्हणजे आयुष्यात निदान ५८ दिवस तुम्ही प्रत्येकी ५८ किंवा अधिक किलोमीटर गेला आहात.

लहान उदाहरण घेऊ. समजा एखाद्याने सात दिवसांत १२, १०, ९, ८, ८, ६ आणि ६ किलोमीटर सायकल चालवली. हे आकडे असे उतरत्या क्रमाने लावून शेजारी १ ते ७ ओळक्रमांक लिहावेत. सहाव्या ओळीत अंतर ६ आहे, ते क्रमांकाला पुरते. सातव्या ओळीतही ६ च आहे, ते ७ ला पुरत नाही. म्हणून क्रमांक ६. आता हा ७ करायचा तर त्याला ७ किंवा अधिक किलोमीटरचे सात दिवस हवेत. त्याच्याकडे तसे पाच आहेत, म्हणजे आणखी दोन लागतील. एका पायरीसाठी दोन दिवस, कारण ६ किलोमीटरचे दोन्ही दिवस नव्या पायरीवर गळून पडले. तुमचेही असेच होणार आहे. ७० गाठण्यासाठी आजवरच्या नोंदींत ७० किंवा अधिक किलोमीटरचे किती दिवस आहेत ते मोजा आणि ती संख्या ७० मधून वजा करा. तसे दिवस २२ असतील, तर आणखी ४८ दिवस हवेत. रोज नेमाने साठ किलोमीटर चालवणारा माणूस जन्मभर साठावरच राहील, ही या क्रमांकाची खोड आहे आणि गंमतही तीच आहे. एकदाच केलेल्या सहाशेच्या पराक्रमाला येथे एका दिवसाचा मान मिळतो, फार तर दोन.

पायरी हुकण्याचा चटका खुद्द एडिंग्टन यांनाही बसला होता. १९३८ मध्ये खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपला क्रमांक ७५ वरच अडल्याचे आणि पावणेपंचाहत्तर मैलांच्या दोन राइड फुकट गेल्याचे कळवले होते. १९३५ मध्ये याच एडिंग्टन यांनी लंडनच्या सभेत चंद्रशेखरांच्या श्वेतबटू ताऱ्यांच्या सिद्धांताची भर सभेत खिल्ली उडवली होती. पुढे दोघांत सायकलीवरून पत्रव्यवहार चालावा, ही मला त्या सगळ्या प्रकरणातली सर्वांत लोभस गोष्ट वाटते.

एडिंग्टन यांचा हिशेब मैलांत होता हे ध्यानात ठेवा. किलोमीटरचा क्रमांक वेगळाच येतो आणि १.६ ने गुणून एकाचा दुसरा करता येत नाही, यादी नव्याने लावावी लागते. व्हेलोव्ह्यूअर, स्टॅट्सहंटर्स यांसारखी संकेतस्थळे स्ट्राव्हाच्या नोंदींवरून हा क्रमांक काढून देतात. तेथे तीन गोष्टी तपासा: एकक कोणते निवडले आहे, घरात जागच्या जागी सायकल चालवायच्या ट्रेनरवरच्या राइड मोजल्या आहेत का, आणि सकाळ-संध्याकाळच्या दोन राइडची एका दिवसाची बेरीज होते का. नियम दिवसाचा आहे, राइडचा नाही. शंका वाटली तर एक्सेलमध्ये वरच्यासारखी उतरती यादी लावा, दहा मिनिटांचे काम आहे.

प्रश्न: नकाशावर चौकोन गोळा करण्याचा नाद लागला आहे, पण माझा मोठा चौरस काही केल्या वाढत नाही. (एक वाचक, ठाणे)

उत्तर: ठाण्यात राहून तो वाढणे कठीणच. नकाशाचे चौकोन पाडून, राइड ज्यातून गेली तो चौकोन आपल्या खाती जमा करण्याचा हा खेळ. हे चौकोन नकाशाच्या चौदाव्या झूम-पातळीच्या तुकड्यांचे असतात. विषुववृत्तावर त्यांची बाजू सुमारे २.४५ किलोमीटर असते आणि आपल्याकडे सुमारे २.३. सलग भरलेला सर्वांत मोठा चौरस मोजला जात असल्याने मध्ये एक खाडी, एक संरक्षित जंगल किंवा लष्करी हद्द आली की तो तेथेच अडतो. चौरसाऐवजी सलग समूहाचा आकडा पाहा, त्याला आकाराचे बंधन कमी असते. नाही तर नवा चौरस घाटावर, सोलापूर-अहिल्यानगरच्या बाजूला, जिथे चारी दिशांना रस्ते आहेत तिथे सुरू करा. चौकोनासाठी बंदी असलेल्या जागेत शिरू नका.

प्रश्न: मी शिक्षक आहे. मुले विचारतात की जीपीएस नव्हते तेव्हा लोक सायकलीचे विक्रम सिद्ध कसे करत? (एक वाचक, दापोली)

उत्तर: मुलांना टॉमी गॉडविन यांची गोष्ट सांगा. या इंग्रज सायकलस्वाराने १९३९ या एका वर्षात ७५,०६५ मैल, म्हणजे १ लाख २० हजार किलोमीटरहून अधिक सायकल चालवली. रोजची सरासरी सुमारे ३३० किलोमीटर पडते. सप्टेंबरमध्ये युद्ध सुरू झाले, इंग्लंडमध्ये रात्री दिवे झाकण्याचा हुकूम निघाला आणि उरलेले महिने त्यांनी जवळजवळ अंधारात काढले. पुरावा म्हणून साक्षीदारांच्या सह्या घेतलेली कार्डे सायकलिंगच्या साप्ताहिकाकडे पाठवली जात. आजचे ब्रेव्हे कार्डही त्याच जातीचे आहे: कंट्रोलवर शिक्का, वेळ आणि सही.

गॉडविन यांचा आकडा पंचाहत्तरहून अधिक वर्षे टिकला. अमेरिकेचे कर्ट सर्व्होगेल यांनी जानेवारी २०१६ मध्ये ७६,०७६ मैलांवर वर्ष पूर्ण केले आणि मे २०१७ मध्ये त्याच देशाच्या अमांडा कोकर यांनी ८६,५७३ मैल गाठले. म्हणजे वर्षभर रोज सुमारे ३८२ किलोमीटर. या दोघांची प्रत्येक राइड जीपीएसवर नोंदली जात होती आणि जगभरातले लोक ती पाहू शकत होते. कोकर यांनी बहुतांश अंतर फ्लोरिडातल्या एका उद्यानाच्या छोट्या सपाट फेऱ्यांत कापले, म्हणून काहींनी नाके मुरडली. नियमात ते बसत होते, एवढे खरे.

आपल्याकडचे उदाहरण हवे असेल तर पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी यांचे द्या. २०१८ मध्ये १५९ दिवसांत १४ देशांतून सुमारे २९ हजार किलोमीटर जाऊन त्यांनी पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशा प्रदक्षिणेसाठी गिनेसच्या नियमांत सायकलीवरचे किमान अंतर १८,००० मैल, म्हणजे सुमारे २८,९७० किलोमीटर असावे लागते आणि पृथ्वीवरचे दोन परस्परविरुद्ध बिंदू गाठावे लागतात. नोंदवही आणि साक्षीदारांचे जबाब जीपीएसच्या जमान्यातही सुटलेले नाहीत. यंत्र फार तर कोठे गेले ते सांगते, त्याच्यासोबत कोण होते ते माणसालाच सांगावे लागते.

प्रश्न: मी रोज पहाटे एकटी सायकल चालवते. नोंदी ठेवायला आवडतात, पण अनोळखी लोकांना माझे घर आणि वेळ कळावी असे वाटत नाही. लांबच्या राइडला घरच्यांना मात्र मी कुठे आहे ते दिसायला हवे. दोन्ही जमेल का? (एक वाचक भगिनी, कोल्हापूर)

उत्तर: जमेल. स्ट्राव्हाच्या गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये राइडची सुरुवात आणि शेवट नकाशावर झाकण्याची सोय आहे. घराभोवती जास्तीत जास्त सुमारे १.६ किलोमीटरपर्यंतचा भाग लपवता येतो. हवे तर संपूर्ण नकाशाच झाकता येतो. राइड कोणाला दिसाव्यात हेही ठरवता येते, तेथे ‘सर्व’ऐवजी ‘अनुयायी’ किंवा ‘फक्त मी’ निवडा. अनुयायी होण्याच्या विनंत्या तुमच्या परवानगीनेच मंजूर व्हाव्यात, अशी व्यवस्था करा. वाटेत कोण भेटले ते दाखवणारी फ्लायबायची सोय बंद ठेवा. शिवाय राइड ज्या दिवशी झाली त्याच दिवशी, त्याच वेळी चढवलीच पाहिजे असे काही नाही. रात्री चढवली तर पहाटे तुम्ही घराबाहेर असल्याचे कोणाला त्या क्षणी कळत नाही. ही काळजी अनाठायी नाही. जानेवारी २०१८ मध्ये स्ट्राव्हाच्या जगभरच्या राइडच्या एकत्रित नकाशावरून वाळवंटातल्या लष्करी तळांच्या वाटा उघड झाल्याची बातमी सर्वत्र गाजली होती. सैनिकांचा माग लागतो, तेथे तुमच्या गल्लीचे काय?

घरच्यांसाठी स्ट्राव्हाची बीकन ही सोय आहे. निवडलेल्या व्यक्तींना दुवा जातो आणि त्यांना तुमचा ठिपका दिसतो. व्हॉट्सॲपवरही थेट ठिकाण पाठवता येते, पण ते एका वेळी जास्तीत जास्त आठ तास चालते. ४०० च्या ब्रेव्हेत तीन-चार वेळा ते नव्याने सुरू करावे लागेल आणि नेमके रात्री अडीचला आपण विसरतो. घाटात रेंज जाते हेही घरच्यांना आधी सांगून ठेवा. ठिपका तासभर हलला नाही म्हणजे अपघातच झाला असे नव्हे.

एक कळकळीची सूचना. परदेशी सायकलस्वार उपग्रहावरून संदेश पाठवणारी छोटी यंत्रे वापरतात आणि येथेही कोणी नातेवाइकाकरवी ती मागवतात. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय अशी यंत्रे बाळगणे कायद्याला धरून नाही. गोवा आणि दिल्लीच्या विमानतळांवर अशा यंत्रांसह आलेल्या परदेशी पर्यटकांना पोलिसांनी अडवल्याच्या बातम्या आल्या होत्या. हौसेपोटी या भानगडीत पडू नका.

प्रश्न: पाच वर्षांच्या सगळ्या राइड एकाच ॲपवर आहेत. आता वर्गणी परवडत नाही. बंद केली तर नोंदी जातील का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर: स्ट्राव्हाची वर्गणी थांबवली तर काही सोयी बंद होतात, राइड पुसल्या जात नाहीत. पण ॲपच बंद पडले तर काय, हा प्रश्न विचारायला हवा. एंडोमोंडो हे ॲप एके काळी आपल्याकडे घरोघरी होते, ते ३१ डिसेंबर २०२० ला बंद झाले आणि ज्यांनी मुदतीत आपल्या फायली उतरवल्या नाहीत, त्यांच्या वर्षानुवर्षांच्या राइड गेल्या. त्याच वर्षी जुलैमध्ये सायबर हल्ल्यामुळे सायकल-संगणक बनवणाऱ्या गार्मिनची सेवा काही दिवस ठप्प होती. तेव्हा ज्यांना ठाऊक होते त्यांनी सायकल-संगणक केबलने लॅपटॉपला जोडला, त्यातल्या गार्मिन नावाच्या फोल्डरमधला ॲक्टिव्हिटीचा कप्पा उघडला आणि आपली फाइल थेट स्ट्राव्हावर चढवली.

तुम्ही स्ट्राव्हाच्या संकेतस्थळावर, खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन सगळा डेटा एकत्र मागवा. ईमेलवर दुवा येतो. त्यातल्या झिप फाइलमध्ये तुम्ही मूळ चढवलेल्या सगळ्या फायली असतात आणि सोबत सर्व राइडची एक तक्ता-फाइलही असते, ती एक्सेलमध्ये उघडते. एडिंग्टनचा हिशेबही तिच्यावरून करता येतो. मूळ फाइल फिट प्रकारची असेल तर तिचे रूपांतर करत बसू नका. तिच्यात हृदयाचे ठोके, पायडलचा वेग, तापमान असे सगळे असते. जीपीएक्स प्रकारच्या फाइलमध्ये प्रामुख्याने वाट, उंची आणि वेळ उरते. ही झिप पेनड्राइव्हवर एक आणि मेघसाठ्यावर एक अशी ठेवा आणि दर हंगामाच्या अखेरीस, म्हणजे ३१ ऑक्टोबरनंतर, नवी मागवा.

फुकट पर्याय हवा असेल तर संगणकावर चालणारे गोल्डन चीता आहे, ते मुक्त स्रोत आहे आणि फायली तुमच्याच यंत्रावर राहतात. फोनवरून पाहायचे तर इंटर्व्हल्स डॉट आयसीयू चांगले आहे. एक सावधगिरी बाळगा. स्ट्राव्हाने नोव्हेंबर २०२४ मध्ये बाहेरच्या संकेतस्थळांवर बंधने घातली, त्यामुळे स्ट्राव्हामार्फत आलेली तुमची राइड ती संकेतस्थळे आता फक्त तुम्हालाच दाखवू शकतात. क्लबचे एकत्रित तक्ते अशा संकेतस्थळावर चालवणाऱ्यांची त्यामुळे पंचाईत झाली. शक्य असेल तेथे सायकल-संगणकाची सेवा अशा संकेतस्थळाला थेट जोडा, स्ट्राव्हा मध्ये घेऊ नका.

प्रश्न: घाटावर ‘एव्हरेस्टिंग’ करायचे आहे. तीन दिवसांत तीन राइड करून ८,८४८ मीटर झाले तर चालेल का? (एक वाचक, पनवेल)

उत्तर: चालणार नाही. एव्हरेस्टिंग म्हणजे एका चढावर पुन्हा पुन्हा चढून एव्हरेस्टच्या उंचीएवढी चढाई जमवणे. एकच चढ, त्याच वाटेने वर-खाली, एकाच सलग राइडमध्ये आणि मध्ये झोप न घेता, असा नियम आहे. वेळेची मर्यादा नाही, जेवायला-खायला थांबता येते. एव्हरेस्टवीर जॉर्ज मॅलरी यांच्या त्याच नावाच्या नातवाने १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डोना ब्वांग डोंगरावर हे केले आणि पुढे त्यावरून ही प्रथा पडली.

वर नाशिकच्या वाचकांना चढाईच्या आकड्यांबद्दल जे सांगितले, ते येथे जपून वापरा. यंत्रावर ८,८४८ दिसताच उतरू नका. एका फेरीचा खरा चढ किती आणि पूर्ण फेऱ्या किती, असा गुणाकार लागतो. समजा एका फेरीत ५६० मीटर चढ आहे, तर १६ पूर्ण फेऱ्या हव्यात, पंधराव्या फेरीअखेर तुम्ही ८,४०० वरच असता. वर थोडी वाढीव फेरी ठेवलेली बरी. नोंद एकाच फाइलमध्ये राहावी म्हणून पॉवर बँक सोबत ठेवा आणि यंत्र चार्ज होत असतानाही नोंद चालू राहते ना, हे आधी एखाद्या रविवारी तपासा, कारण काही जुन्या यंत्रांत केबल लावताच राइड बंद होते. सोळा वेळा चढण्याइतकेच सोळा वेळा उतरायचेही आहे. ब्रेकचे पॅड नवे घाला आणि रात्रीच्या उतारावर कोणी तरी गाडीचा दिवा घेऊन मागे असेल असे पाहा.